टॅन्सीची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे, पण बाजार कसा असतो ते मला माहीत नाही. माझ्यातून कधी बटाटे आले नाहीत की पाव आला नाही. माझ्यात पिल्ले वाढली. कांगारूची पिल्ले. त्यांची आई रस्त्यावर गाडीखाली गेली की त्यांना राहायला कुठले तरी पोट लागते, आणि आमच्या घरात ते पोट म्हणजे मी. स्वयंपाकघराच्या दाराच्या मुठीला मला अडकवलेले असते. येणाऱ्या-जाणाऱ्याचा मला धक्का लागतो आणि तो "सॉरी हं" म्हणतो. मला कोण विचारतो! आत जे झोपलेले असते त्याची ती माफी.

माझा जन्म साधाच. आधी मी क्लॅरीचा शर्ट होते. जाड, चौकड्यांचा, आतून मऊ. क्लॅरीचा दुधाचा धंदा होता. पहाटे तो मला अंगात घालून गोठ्यात जाई आणि गायी आपली कपाळे माझ्यावर घाशीत. पुढे त्याचे गुडघे गेले, गायी विकल्या, आणि डचेस नावाची एक जर्सी गाय तेवढी घरच्या दुधापुरती राहिली. एके दिवशी क्लॅरीच्या मुलीने, नोएलीनने, मला दोरीवरून उतरवले आणि सरळ कात्री लावली. बटणे काढून टाकली, कारण पिल्ले ती चोखता चोखता गिळतात. शिवणी बाहेरच्या अंगाला घेतल्या, कारण आत धागा लोंबला तर त्यात नखे अडकतात. वरून जुन्या ब्लँकेटची लोकर लावली आणि तोंड बांधायला बाह्या कापून त्यांचे दोन बंद केले.

"चांगला शर्ट होता तो," क्लॅरी म्हणाला.

"बाबा, त्याला कोपर राहिले नव्हते."

"मला आहेत ना!"

नोएलीन सकाळ-दुपार शाळेची बस चालवते आणि मधल्या वेळात अनाथ पिल्ले वाढवते. त्यासाठी तिच्याकडे सरकारी परवाना आहे. आमच्याकडे रीतच आहे, रस्त्याच्या कडेला मेलेली कांगारू दिसली की गाडी थांबवायची, मादी असेल तर तिच्या पोटाच्या पिशवीत हात घालून पाहायचे, आणि पाहून झाले की तिच्या अंगावर रंगाच्या फवाऱ्याच्या डब्याने फुली मारायची. मागून येणाऱ्याला कळते की इथे कुणीतरी थांबून गेले आहे. नोएलीनच्या बसमध्ये तिच्या पायापाशी गुलाबी रंगाचा डबा असतो. तो गुलाबी का, असे विचारणारे एकही मूल त्या बसमध्ये उरलेले नाही.

माझ्यात बरीच पिल्ले राहून गेली. काही शहाणी, काही चावरी. एकाने माझा बंद चघळून चघळून त्याची दोरी केली. मोठी झाली की ती मागच्या माळावरच्या कळपात जातात आणि मग मला ओळखही देत नाहीत. त्याचे वाईट वाटून घ्यायचे नसते. मी मात्र दर वेळी थोडे घेते. पण आज मला सांगायचे आहे ते टॅन्सीबद्दल.

आमच्या ऑस्ट्रेलियात थंडी जुलैत पडते. त्या थंडीत दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर मर्व तिला घेऊन आला. त्याने तिला स्वतःच्या लोकरी टोपीत घातले होते आणि त्याचे टक्कल गारठून लाल झाले होते. टॅन्सीच्या अंगावर नुकतीच कुठे लव आली होती. डोळे उघडलेले, काळेभोर, ओले. मर्वला चहा दिला आणि त्याच्यासमोर बसून क्लॅरीने आपली ठरलेली गोष्ट काढली.

"आमच्या लहानपणी कुठली आलीय दुधाची भुकटी नि बिकटी! आई थेट गायीचं पाजायची. आमच्याकडे एक कांगारू होता, बंपर. अंगानं असा भरलेला! पण अक्कल म्हणून नाही. दुधाच्या कॅनवर धडक, दारावर धडक. एकदा तर आजी चर्चला निघाली होती, नवी टोपी घालून. तिच्या पाठीत अशी धडक मारली की आजी थेट कोंबड्यांत!"

मर्व हसून हसून चहा सांडू लागला. नोएलीनही हसली, पण लगेच तिने बोट उगारले.

"ते तेव्हाचं, बाबा. आता थेंबसुद्धा नाही हं. कांगारूच्या पिल्लांसाठी दुधाची वेगळी भुकटी मिळते, तीच द्यायची."

"ऐकलं, ऐकलं," क्लॅरी म्हणाला.

त्याने ऐकले होते हे खरे. पण जन्मभर ज्याने दूध विकले त्याला "दूध नको" हे ऐकवणे सोपे असते, पटवणे अवघड.

नोएलीन बसवर गेली की टॅन्सीला पाजायचे काम क्लॅरीचे. गायी गेल्यापासून त्याला हातात धरायला काही उरले नव्हते. तो खिडकीशी बसून डचेसकडे पाही आणि डचेस त्याच्याकडे. त्यामुळे या कामाने तो खुलला. बाटली कोमट करून मनगटावर थेंब टाकून पाही, आणि चोखायचे ते लांब, बारीक रबरी बूच हळूच टॅन्सीच्या ओठात सरकवी. टॅन्सी तोंड फिरवी. पुन्हा दिले की फिस्स करी. भुकटीचे दूध तिच्या हनुवटीवरून ओघळून माझ्यात झिरपे. असेच चालले आणि तिच्या पाठीचे मणके मला आतून टोचू लागले.

"अगं पी ना, बाई," क्लॅरी विनवी. "ही काय डोळ्यांदेखत मरायची की काय!"

त्याने मरायला टेकलेली किती वासरे उठवली होती त्याला गणती नाही. त्या दिवशी तो उठला, डचेसकडे गेला, वाटीभर दूध काढून आणले, त्यात गरम पाणी घातले आणि बाटलीत भरले. टॅन्सीने एक घोट घेतला. थांबली. मग अशी तुटून पडली की बूच वाजू लागले. क्लॅरीचे डोळे भरून आले. तो माझ्यावर हात ठेवून बसून राहिला. मित्रांनो, त्याच्या मनात त्या वेळी मायेशिवाय काहीही नव्हते, हे मी शपथेवर सांगेन.

एकदाच द्यायचे, असे त्याने ठरवले होते. मग भुकटीत थोडे मिसळून, असे ठरवले. मग उद्यापासून कमी करू, असे. टॅन्सीचे वजन वाढले. नोएलीनने तिला काट्यावर ठेवले आणि बापाच्या गालाचा मुका घेतला.

"बाबा, हाताला गुण आहे रे तुझ्या! मी तर आशा सोडली होती."

त्या मुक्यानंतर खरे सांगणे फारच कठीण झाले. क्लॅरी मूग गिळून गप्प बसला. टॅन्सीला जुलाब होऊ लागले तेव्हा माझ्यातले अस्तर तो नोएलीन यायच्या आत स्वतःच धुऊन दोरीवर टाकू लागला. मला सगळे ठाऊक होते. मला बोलता आले असते तर मी बोलले असते का, कुणास ठाऊक. काही झाले तरी मी त्याचाच शर्ट.

एका सकाळी नोएलीनने टॅन्सीला उन्हात नेण्यासाठी उचलले आणि ती दारातच थबकली. टॅन्सीच्या काळ्याभोर डोळ्यांवर निळसर, दुधी साय धरली होती. दोन्ही डोळ्यांवर. नोएलीनने तिच्यापुढे बोट हलवले. टॅन्सीने पापणी लववली नाही.

जनावरांच्या डॉक्टर इंग्रिडबाई तालुक्याच्या गावी आहेत. मला मांडीवर घेऊन क्लॅरी पिकअपमध्ये बसला. इंग्रिडबाईंनी बॅटरीचा उजेड टॅन्सीच्या डोळ्यांत टाकला, मग एक कापसाचा बोळा तिच्या नाकापुढून खाली सोडला. बोळा जमिनीवर पडला. टॅन्सी नुसती हवा हुंगत राहिली.

"मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे," इंग्रिडबाई म्हणाल्या. "नोएलीन, गायीचं दूध गेलंय का पोटात?"

"माझ्या घरात?" नोएलीन उसळलीच. "डॉक्टर, मी नव्या लोकांना शिकवते, गायीचं दूध नाही म्हणून!"

"दुधाचा आणि डोळ्याचा काय संबंध?" क्लॅरीने विचारले.

"आहे ना. गायीच्या दुधातली साखर पोटात मोडली की तिचे दोन भाग होतात. त्यातल्या एकाला गॅलॅक्टोज म्हणतात. तुम्ही ते पचवता, वासरू पचवतं. कांगारूच्या पिल्लाकडे ते पचवायची ताकद फार थोडी. त्याच्या आईच्या दुधाची घडणच निराळी असते. मग न पचलेली साखर रक्तातून डोळ्याच्या भिंगात शिरते, तिथं साचते आणि पाणी ओढून घेते. भिंग फुगतं, पांढरं होतं. पिल्लू दिसायला गुटगुटीत, आणि डोळ्यांनी आंधळं."

क्लॅरीच्या हातात मी होते. त्याची बोटे माझ्यात रुतली.

"पण तुमच्याकडे तसं काही नाही म्हणता," इंग्रिडबाई पुढे म्हणाल्या, "म्हणजे हे जन्मापासूनचं, नाहीतर कसलातरी संसर्ग. हे काही परत फिरायचं नाही. आंधळ्या कांगारूला माळावर सोडता येत नाही, तुला माहीतच आहे. सोमवारी घेऊन ये. शांतपणे झोपवू तिला."

"हो," नोएलीन म्हणाली.

परतीच्या वाटेवर ती स्टिअरिंग घट्ट धरून रडत होती. "माझंच काहीतरी चुकलं. भुकटी जुनी असेल, नाहीतर पाणी कमी पडलं असेल. बाबा, मी परवाना परत करते. दुसऱ्या कुणाकडे तरी जाऊ देत बिचारी पिल्लं."

क्लॅरी खिडकीबाहेर पाहत होता. बाहेर निलगिरीची झाडे होती, कुंपण होते, पुन्हा झाडे होती.

"नोली, बंपर मूर्ख नव्हता गं," तो म्हणाला.

"काय?"

"आंधळा होता तो. आम्ही हसायचो. सगळं घर हसायचं. साठ वर्षं ती गोष्ट सांगतोय मी लोकांना." त्याने नाक पुसले, माझ्याच कडेने. "गाडी थांबव. मी डचेसचं दूध देतोय हिला. पहिल्यापासून."

नोएलीनने गाडी बाजूला घेतली. मग एकदम म्हणाली, "मी तुझा मुका घेतला, तेव्हा गप्प कसा राहिलास? सांग ना, कसा राहिलास?"

"तेव्हाच तर राहिलो," क्लॅरी म्हणाला.

"तिला मारणार होतो आपण सोमवारी! माझ्या हातानं नेऊन दिली असती मी!"

"म्हणून तर सांगतोय."

"आत्ता सांगतोयस!" तिने स्टिअरिंगवर मूठ आपटली आणि गाडी वळवली.

इंग्रिडबाई दवाखाना बंद करत होत्या. त्यांनी ऐकून घेतले. रागावल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग सोमवारचं राहू दे. ते दूध आजपासून बंद. कोवळं पिल्लू आहे, थोडंफार निवळतं कधीकधी. निवळेलच असं नाही. उशीर झालाय, पण किती झालाय ते आपल्याला तिचे डोळेच सांगतील."

त्यानंतर आमच्या घरात फार वाईट दिवस आले. नोएलीनने मला दाराच्या मुठीवरून काढले आणि स्वतःच्या खोलीत नेऊन टांगले. बसच्या वेळेला ती शेजारणीला बोलावी, पण क्लॅरीला टॅन्सीजवळ फिरकू देत नसे. जेवताना ती मीठसुद्धा त्याला मागत नसे, उठून स्वतः घेई. एकदा त्याने चहात दूध ओतायला भांडे उचलले तर ती फणकारली, "घाल, घाल. चहाला डोळे नसतात." क्लॅरीने भांडे खाली ठेवले आणि काळा चहा प्यायला. त्याला काळा चहा मुळीच आवडत नाही.

पण टॅन्सी भुकटीच्या दुधाला तोंड लावीना. नोएलीनने सगळे करून पाहिले. दूध गरम केले, थोडे गार केले, बूच बदलले. टॅन्सी फिस्स करी आणि माझ्या तळाशी जाऊन तोंड खुपसून बसे. मणके पुन्हा मला टोचू लागले. डोळे वाचवायच्या नादात पिल्लूच जायची वेळ आली. शेवटी एका दुपारी नोएलीन मला घेऊन क्लॅरीच्या खुर्चीपुढे उभी राहिली. तिने मला त्याच्या मांडीवर ठेवले आणि बाटली त्याच्या हातात दिली.

"तुझ्याच हातचं पिते ती. पाज. हेच पाज."

"हेच पाजीन," क्लॅरी म्हणाला.

"मी इथंच बसणार आहे."

"बस की. तुझंच घर आहे."

त्याने माझी कड टॅन्सीच्या डोळ्यांवरून ओढून घेतली, कारण डोळे झाकले की पिल्लाला धीर येतो. टॅन्सीने माझ्या जुन्या कापडात नाक खुपसले. त्या कापडाला कितीही धुतले तरी क्लॅरीचा वास येतो, आणि याचा मला अजूनही अभिमान आहे. त्याने बूच तिच्या ओठाशी नेले आणि तसेच धरून ठेवले. ढकलले नाही. हात भरून आला तेव्हा त्याला दुसऱ्या हाताचा आधार दिला. नोएलीनचा चहा निवून गेला. दूध दोनदा पुन्हा कोमट करावे लागले. आणि मग टॅन्सीने अगदी नाइलाजाने, जणू काही आमच्यावर उपकार करते आहे अशा थाटात, एक घोट घेतला.

"शेफारलीय," नोएलीन म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती त्याच्याशी आपणहून काही बोलली होती.

दिवसागणिक ती एकेक घोट जास्त घेऊ लागली. जुलाब थांबले. नोएलीन रोज सकाळी तिला खिडकीशी धरून पाही आणि काही न बोलता परत माझ्यात ठेवी. क्लॅरीही विचारत नसे. दोघांनाही भीती वाटत होती. खरे सांगायचे तर मलाही.

थंडी सरली आणि टॅन्सी माझ्यातून बाहेर पडून अंगणात उड्या मारू लागली. सुरुवातीला ती कुंपणाला जाऊन आपटे, आणि दर आपटण्याला क्लॅरी डोळे मिटून घेई. त्याला कुणाची आठवण येत होती ते मला ठाऊक होते. एके दिवशी दुपारी तो गोठ्यातून आला. अंगणात टॅन्सी त्याच्याकडे पाठ करून गवत हुंगत होती. त्याने हातातली रिकामी बादली आवाज न करता तिच्या मागच्या वाटेवर ठेवली आणि स्वतः बाजूला झाला. टॅन्सी वळली. दोन उड्यांत बादलीपाशी आली, थांबली, मान वाकडी केली आणि बादलीला वळसा घालून पुढे गेली.

क्लॅरीने बादली उचलून दुसरीकडे ठेवली. ती पुन्हा वळसा घालून गेली. त्याने आपले गमबूट काढून वाटेत ठेवले. तिने त्यांच्यावरून उडी मारली. तो चिखलात मोज्यांवर उभा राहून लहान मुलासारखा रडला, आणि नोएलीन स्वयंपाकघरातून धावत आली. त्याने नुसते बुटांकडे बोट दाखवले.

इंग्रिडबाईंनी नंतर तपासले. उजवा डोळा जवळजवळ साफ झाला होता, कडेला बारीकसे धुके होते तेवढेच. डावा मात्र पांढराच राहिला. "एका डोळ्यावर कळपात निभावेल ती," त्या म्हणाल्या. आणि निभावले तिने. मोठी झाली, माझ्यात तिचे एक पाऊलही मावेना, तेव्हा ती मागच्या माळावर गेली.

मला पुन्हा दाराच्या मुठीला अडकवण्यात आले. मध्यंतरी शेजारच्या डेअरीचा तरुण मालक रसेल आला. त्याच्या स्वेटरमध्ये एक पिल्लू होते.

"परवा सापडला हा," तो खुशीत म्हणाला. "आमच्या गायीचं पाजलंय. काय मस्त पितोय!"

नोएलीनच्या नाकपुड्या फुगल्या. ती काही बोलणार इतक्यात क्लॅरी उठला.

"पिणारच. आमची पण प्यायची," तो म्हणाला. "मीच द्यायचो."

"मग? चांगलं असतं ना?"

"दूध चांगलंच असतं, रसेल. मी जन्मभर विकलंय. याच्यासाठी नाही ते." त्याने पिल्लाला उजेडात धरले आणि डोळे निरखून पाहिले. मग श्वास सोडला.

रसेलचा चेहरा पडला. "म्हणजे माझं चुकलं?"

"चुकलं. पण तू दारात पाय ठेवता ठेवता सांगून टाकलंस. मला सांगायला फार वेळ लागला. तेवढ्यात तिचा एक डोळा गेला."

रसेलने स्वेटर उलगडला, क्लॅरीने माझे तोंड उघडले, आणि ते पिल्लू डोके खाली घालून, कोलांटी मारून माझ्यात शिरले.

मित्रांनो, तुम्हाला कुणाचे पिल्लू सापडले तर त्याला ऊब जरूर द्या. पण आपल्याला जे गोड लागते ते त्याच्या तोंडात घालायच्या आधी जाणत्या माणसाला विचारा. विचारायचे राहून गेलेच, तर सांगायला उशीर करू नका. टॅन्सी आता मागच्या माळावर असते. संध्याकाळी कळप कुंपणाजवळ येतो तेव्हा दारातून मला ती दिसते. डावीकडून कुणी जवळ आले की ती अजून दचकते.